बाटली खाली आहे

कामावर तिला सगळे सावकाशताई म्हणत, आणि हे नाव तिनं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. पंप सुरू करणाऱ्याला सावकाश, दार ढकलणाऱ्याला सावकाश, बाटली उचलणाऱ्याला तर हात लावायच्या आधीच सावकाश. एकदा आगीच्या सरावाची घंटा वाजली, माणसं जिन्याकडे धडाधड पळत सुटली, आणि ही सगळ्यांच्या मागून ओरडतेय, "अरे सावकाश, सावकाश!" झालं. त्या दिवशी नाव पक्कं झालं.

बाई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, हातानं हुशार आणि तोंडानं फटकळ. आधीची एकोणीस वर्षं तिनं दुधाच्या डेअरीत तपासणीच्या टेबलावर काढली. डेअरी बंद पडली तेव्हा ती शेहेचाळीसची होती. या वयात आता नवीन काय शिकणार, म्हणून घरच्यांनी तिला घरी बसवायचा घाट घातला. ती कसली बसतेय! टायरच्या गोदामामागे औषधाचा एक दुमजली कारखाना नवीनच निघाला होता, तिथे जाऊन थडकली. त्यांनी तिला काचेच्या दोन नळ्या दिल्या आणि म्हणाले, हे दोन्ही मिसळून दाखवा, पण फेस येता कामा नये. उभा जन्म दुधात गेलेल्या बाईला फेस कसा टाळायचा ते कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र हातात.

आता ती तिथे नक्की करायची काय, हे तिच्या नवऱ्याला सहा वर्षांत कळलं नव्हतं. नवरा निवृत्त बसचालक. माणूस सरळ, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की सोडायचा नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी चहा पिताना तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

"म्हणजे तू विषाणू मारतेस."

"मारत नाही हो. सांभाळते."

"विषाणूला सांभाळतेस?"

"त्यातला रोग काढून टाकलाय. नुसतं टरफल ठेवलंय. त्या टरफलात औषध भरलंय. ते टरफल शरीरात बरोबर पेशीपर्यंत जातं आणि औषध आत सोडतं."

"मग तो जिवंत आहे की मेलेला?"

"तसा तो आधीही पुरता जिवंत नव्हताच."

"मग त्याला काही होऊ नये म्हणून तू एवढी मरमर का करतेस?"

इथे सावकाशताईची गाडी अडायची. कारण खोटं कशाला बोला, तिलाही ते पुरतं कळलं नव्हतं. कारखान्यातल्या शिकलेल्या माणसांना विचारावं तर ती फळ्यावर अशी काही चित्रं काढत की आधी जे कळलं होतं तेही जायचं. तिला एवढंच पक्कं माहीत होतं की टरफल फाटलं की औषध वाया, आणि टरफल फाटायला काहीही पुरतं. पंप जोरात चालवला, फाटलं. फेस आला, फाटलं. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलं तर तिच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणून साबणासारखं काहीतरी थेंबभर घालून भिंत निसरडी करायची. "माझ्या दोन मुलींचे मिळून एवढे लाड मी केले नाहीत," असं ती म्हणायची, आणि मुली फोनवरून म्हणायच्या की ते आम्हाला ठाऊक आहे.

सगळ्यात नाजूक वेळ यायची ती काचेच्या उंच नळ्यापाशी. या नळ्यात पांढरी भुकटी ठासून भरलेली असे. वरून विषाणूंचं गढूळ पाणी सोडायचं. भुकटी फक्त विषाणूंना धरून ठेवायची आणि बाकीची घाण वाहून जायची. इथवर ठीक. पण भुकटीनं धरलेला विषाणू सोडवायचा कसा? तर आंबट पाणी सोडून. त्या आंबटपणानं भुकटीची पकड सुटते. घोळ असा की त्याच आंबटपणानं टरफलही ढिलं पडतं, आतलं औषध गळायला लागतं, आणि विषाणू एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. म्हणून ज्या बाटलीत ते थेंब पडणार, तिच्या तळाशी आधीच एक द्रव ओतून ठेवायचा. आंबटपणा मारणारा. कागदोपत्री त्याचं नाव वीतभर लांब होतं. कामावर सगळे त्याला उतारा म्हणत. थेंब पडला की लगेच उताऱ्यात. उतारा भरायचं काम सकाळच्या पाळीचं, थेंब पाडायचं काम दुपारच्या पाळीचं. सहा वर्षं असंच चाललं होतं.

सकाळच्या पाळीला लंबू असायचा. पोरगा नव्हे, चांगला तिशीचा बाप्या, पण इतका उंच की जंतू येऊ नयेत म्हणून कामाच्या खोलीत घालायचा अंगरखा त्याला घोट्याच्या वर यायचा. कामाला चोख, बोलायला कंजूष. तीन शब्दांत भागत असेल तर चौथा शब्द तो जन्मात वापरायचा नाही.

तो दिवस सात नंबरचा होता. हे औषध ज्या मुलांना द्यायचं त्यांची नावं कारखान्यात कुणालाच माहीत नसत, नुसते आकडे. पण औषधाचा दर्जा बघणारी एक बाई होती, गळ्यात दोरीला पेन अडकवून फिरणारी. सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. तिच्या तोंडून त्या सकाळी निघून गेलं होतं: सात नंबर म्हणजे नऊ महिन्यांची मुलगी. स्नायू एकेक करून ढिले पडत चाललेत. मान गेली, आता दूध गिळायला त्रास होतोय. औषधानं रोग जिथल्या तिथे थांबतो, पण गेलेलं परत येत नाही. आणि हे औषध आयुष्यात एकदाच देता येतं, कारण पहिल्या खेपेनंतर शरीर त्या टरफलाला ओळखायला लागतं. दुसऱ्यांदा आलं तर दारातूनच हाकलून देतं. म्हणजे लवकर द्यायला हवं आणि चांगलंच द्यायला हवं. सावकाशताईनं हे ऐकलं आणि उगीचच हातमोजे पुन्हा बदलले.

दुपारी दोनला पाळी बदलली. लंबूचा मुखपट्टा तोंडावर, हिच्या कानांवर टोपी, वर हवेच्या यंत्राची घरघर. लंबूनं नळ्याकडे हात केला आणि नेहमीप्रमाणे तीन शब्दांत कारभार आटोपला.

"बाटली खाली आहे."

वहीतही तेच लिहिलं, सही ठोकली आणि दार उघडून गेला.

सावकाशताईनं बघितलं. बाटली होती की खाली. नळ्याच्या तोंडाखाली, बर्फाच्या डब्यात गळ्यापर्यंत रुतलेली, वर उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागद गुंडाळलेला. सगळं जागच्या जागी. तिनं आंबट पाणी सोडलं. यंत्राच्या पडद्यावरची रेघ हळूहळू चढली, टेकडीसारखी झाली, उतरली. विषाणू आले. तिनं तोटी बंद केली, वहीत खूण केली, लेबल काढायला यंत्राकडे वळली. यंत्रानं नेमकं तेव्हाच लेबल आत खाल्लं. तिनं ते चिमट्यानं उपसून काढलं, यंत्राला दोन शब्द सुनावले, आणि बाटली उचलली.

बाटली हलकी लागली.

हाताला कळतं ते डोक्याला कळायला वेळ लागतो. ती बाटलीकडे बघत राहिली. मग मागच्या फळीवर नजर गेली. उताऱ्याची नळी तिथे उभी होती, काठोकाठ भरलेली, झाकणाचं सील न फोडलेलं. तिनं सील फोडलं, उतारा ओतला आणि बाटली फिरवली. फेस न येऊ देता, बरं का. त्याही घाईत फेस येऊ दिला नाही.

नंतर सगळं दिसायला छान होतं. द्रव नितळ. आंबटपणा बरोबर बसलेला. मोजणीच्या यंत्रानं विषाणूंचा आकडा सांगितला तो तर नेहमीपेक्षा चांगला. पण ते यंत्र टरफलं मोजतं. धड किती आणि ढिली किती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "ठीक" असं लिहायच्या रकान्यात सावकाशताईनं "ठीक" लिहिलं आणि सही केली. का केली, हे तिला त्या क्षणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. हात आपला चालत गेला.

घरी येऊन ती गप्प बसली. ती गप्प, म्हणजे काहीतरी भयंकर, एवढं नवऱ्याला कळलं. पण विचारायचं काय, ते कळेना.

"विषाणू मेले का?" त्यानं आपलं विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"अहो, माहीत नाही म्हणतेय ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तळ्यात-मळ्यात करत राहिली. सांगितलं तर बाटली फेकतील. नवी खेप तयार व्हायला पाच आठवडे. पाच आठवडे त्या पोरीनं काय करायचं? आणि नाही सांगितलं, आणि टरफलं आतून ढिली झालेली असली तर? पोरीला तेच पाणी टोचायचं, आणि मग पुन्हा कधीच काही देता येणार नाही. बरं, बाटली चांगलीही असू शकते की! तसं असेल तर सांगायला जाणं हाच शुद्ध गाढवपणा. डोकं पार भंजाळून गेलं. शेवटी तपासनीसबाईच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी सांगायला आलेय, पण काय सांगायचं ते मला नक्की माहीत नाही."

तपासनीसबाईनं दोरीचं पेन उघडलं. लंबूला बोलावणं गेलं. आणि मग त्या छोट्याशा खोलीत असा काही गोंधळ माजला की विचारू नका.

"मी स्पष्ट सांगितलं होतं," लंबू म्हणाला. "बाटली खाली आहे."

"मग? होतीच की खाली!"

"अहो ताई, खाली म्हणजे रिकामी! उताऱ्याची नळी उशिरा आली, भरायला वेळ नव्हता, म्हणून सांगितलं."

"रिकामी असेल तर रिकामी म्हण ना बाबा! खाली म्हणजे खाली. वर नाही ती खाली!"

"आमच्या घरी डबा संपला की खाली होतो."

"आणि आमच्या घरी डबा खाली असतो तेव्हा तो ओट्याखाली असतो!"

तपासनीसबाई लिहीत होती. तिनं लिहिलं, "बाटली खाली होती." मग ते खोडलं. मग लिहिलं, "बाटली खाली होती व खाली होती." तेही खोडलं. दोघांकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही दोघंही बरोबर आहात, आणि याचं मी काय करू?"

हसण्यासारखंच होतं. पण हसलं कुणी नाही.

शेवटी तिनं पेन खाली ठेवलं. "ताई, ते सोडा. एकच गोष्ट सांगा. पहिला थेंब पडल्यापासून तुम्ही उतारा ओतेपर्यंत किती मिनिटं गेली? उतारा हातानं ओतलात, त्यामुळे यंत्रात वेळेची नोंद नाही. आंबट पाण्यात दहा मिनिटांपर्यंत विषाणू टिकतो हे आपण तपासून ठेवलंय. दहाच्या आत असेल तर बाटली पुढे जाईल. दहाच्या पुढचं कुणी तपासलेलं नाही. मग ती मला देता येणार नाही."

सावकाशताई विचार करायला लागली. रेघ चढून उतरायला चार-पाच मिनिटं. तोटी, वही, एक-दोन. आणि ते लेबलचं यंत्र. लेबल अडकलं, काढलं. त्याला किती लागली? तीन? दहा? तिनं यंत्राला शिव्या दिल्या ते आठवत होतं, पण शिव्यांना काय घड्याळ असतं?

"नऊ असतील ना, ताई?" लंबू हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्याही सहीची वही होती ती. "आठ-नऊच असतील."

"असतील," ती म्हणाली. मग म्हणाली, "नसतीलही."

तपासनीसबाई माणूस म्हणून चांगली. ती उठली, दोघांना कामाच्या खोलीत नळ्यापाशी घेऊन गेली, साधं पाणी घेतलं आणि म्हणाली, जसं केलंत तसंच करून दाखवा. ती घड्याळ धरून उभी राहिली. पहिल्या वेळी आठ मिनिटं झाली. लंबूचा जीव भांड्यात पडला. "पुन्हा," तपासनीसबाई म्हणाली. दुसऱ्या वेळी मुद्दाम अडकवलेलं लेबल अर्धवट फाटलं, तुकडा आत राहिला, आणि चौदा मिनिटं झाली. "काल फाटलं होतं का?" सावकाशताईला आठवेना. चिमट्याला कागद होता, पण अख्खा होता की तुकडा? तिसऱ्या वेळी ती इतकी गोंधळली की लेबल बाटलीऐवजी स्वतःच्या हातमोज्यावर चिकटवून बसली.

"ताई," तपासनीसबाई म्हणाली, "आकडा तुम्हीच सांगायचाय. तुम्ही सांगाल तो मी लिहीन."

आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं, देव जाणे. नऊ म्हणायला काय लागतं? एकच शब्द. आणि तो खोटा असेलच असंही नाही; कदाचित खरोखरच नऊ असतील. सावकाशताईनं तोंड उघडलं, नऊ म्हणायलाच उघडलं होतं. पण ते ओठांवर आलं आणि तिला वाटलं, हा आकडा आपण आठवून सांगतोय की सात नंबरसाठी सांगतोय? तिला वेगळं करता येईना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

तपासनीसबाईनं तेच लिहिलं. बाटलीवर लाल पट्टी लागली.

दुसऱ्या दिवसापासून नव्या खेपेचं काम सुरू झालं. ते पाच आठवडे सावकाशताईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती कुणावर ओरडली नाही, सावकाशही म्हणाली नाही. लंबूनं वहीत आता पानभर लिहायला सुरुवात केली. "बाटलीत उतारा भरला आहे, किती भरला आहे, कधी भरला आहे," आणि जाताना तिला बाटली उचलून दाखवायचा. ती मान हलवायची. नवी खेप झाली तेव्हा रेघ चढली, उतरली, सगळं चोख झालं, मिनिटामिनिटाला सही झाली. बाटली बर्फात घालून गाडीनं रवाना झाली.

आठवडाभरानं तपासनीसबाईनं तिला टेबलापाशी बोलावलं. दवाखान्यातून दोन ओळी आल्या होत्या. त्या तिनं वाचून दाखवल्या. सात नंबरला औषध दिलं. प्रकृती स्थिर आहे. मधल्या काळात गिळणं पूर्ण थांबलं, त्यामुळे नाकातून नळी घातली आहे. ती कायमची राहील. बाकी जे आहे ते टिकेल अशी आशा आहे.

"मधल्या काळात म्हणजे?" सावकाशताईनं विचारलं.

"शेवटच्या दोन आठवड्यांत."

"आणि पहिली बाटली? ती चांगली होती का?"

तपासनीसबाईनं पेनाची दोरी बोटाला गुंडाळली. "पेशींवर टाकून बघितली, त्याला सहा आठवडे लागतात. काठावर पास झाली. चांगलीही म्हणता येईना, वाईटही म्हणता येईना. ताई, ते कुणालाच कळणार नाही."

सावकाशताईनं आपली पाळी पूर्ण केली. घरी आली, चपला काढल्या आणि हात-पाय न धुताच खुर्चीत बसली. नवऱ्यानं चहा आणून ठेवला. तिनं त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बाटली, लेबल, मिनिटं, नळी, आणि या वेळी त्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर त्यानं तिचा हात धरला.

"तुला माहीत नव्हतं, ते तू माहीत नाही म्हणून सांगितलंस," तो म्हणाला. "बरोबर केलंस."

तिनं हात झटकन सोडवून घेतला.

"बरोबर केलं ना? मग त्या पोरीच्या नाकात नळी का आहे? सांगा ना! का आहे?"